२८ टक्के प्रोटीनचं तरंगतं खाद्य: खानापूरच्या तळ्यात जून ते फेब्रुवारी वापरून

रोहू, कटला, मृगळ असं आमचं मिश्र तळं. जूनमध्ये बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली आणि फेब्रुवारीत जाळं ओढलं. सुरुवातीला बारीक दाण्याचं ३२ टक्क्यांचं खाद्य दिलं, मासा वीतभर झाल्यावर २८ वर आलो. खानापूर, बेळगाव, निपाणीकडं कुणीही तळं केलं की पहिला प्रश्न हाच येतो, २८ घ्यायचं का ३२? दुकानदार ३२ पुढं करतो. माझं मत असं की वाढीला लागलेल्या रोहू-कटल्याला २८ पुरतं. वरच्या चार टक्क्यांचा बराचसा भाग अमोनिया होऊन तळ्यातच उतरतो.

कोंबडीला, म्हशीला अंग गरम ठेवायला दाणा-वैरण जाळावी लागते, माशाला नाही. त्याचा ऊर्जेचा खर्च कमी, म्हणून त्याच्या खाद्यात प्रोटीनचा वाटा मोठा असतो. पण मांस बनायला जेवढं लागतं तेवढंच प्रोटीन अंगी लागतं. जास्तीचं साठवायची सोय माशाच्या शरीरात नाही. त्यातला नायट्रोजन सुटून अमोनिया होतो आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात जातो. उरलेला भाग ऊर्जा म्हणून जळतो, नाहीतर चरबी होऊन बसतो. प्रोटीनमध्ये नायट्रोजन साधारण १६ टक्के धरतात. म्हणजे ३२ च्या एक किलो खाद्यात तो ५१ ग्रॅम आणि २८ मध्ये ४५ ग्रॅम. रोज पोतं रिकामं होतं तिथं हा फरक साचत जातो.

शेजारच्या काकांच्या तळ्यात शेवटपर्यंत ३२ चालू होतं. ऑक्टोबरात एकदा दोन्हीकडचं पाणी नळीत घेऊन अमोनियाच्या किटचे थेंब टाकले. आमची नळी पिवळसर राहिली, त्यांची बघता बघता हिरवी झाली, म्हणजे अमोनिया जास्त. त्यांच्याकडं मासाही दाट होता, त्यामुळं सगळा दोष खाद्यावर टाकणार नाही. पण शेवाळाचं पाणी असलं की दुपारी पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कपणा मोजणारा आकडा) चढतो आणि तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. किट घ्या, आणि तपासणी दुपारीच करा.

आता पोत्यावरचा आकडा. क्रूड प्रोटीन म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ नं गुणलेलं. प्रोटीन कशातलं आहे, हे त्यातून कळत नाही. प्रोटीन अमिनो आम्लांचं बनतं, आणि नुसत्या शेंगपेंडेत त्यातलं लायसिन आणि मेथिओनिन कमी पडतं. एक अमिनो आम्ल कमी पडलं की बाकीची असूनही मांस बनत नाही, तीही अमोनियाच्याच वाटेनं जातात. म्हणून सोयाबीन किंवा मासळीची कुटी असलेलं खाद्य मी आधी बघतो. सोबत फॅटचा आकडाही वाचावा. ऊर्जा फॅट आणि स्टार्चमधून मिळाली तर प्रोटीन वाढीसाठी शिल्लक राहतं.

थंडीनं मात्र कस लागला. मार्गशीर्ष-पौषात आमच्याकडं पहाटे चांगलाच गारठा असतो, पाणी गार पडलं की माशाची पचनशक्ती मंदावते. त्या दिवसांत खाद्य निम्म्यावर आणलं आणि ऊन चढल्यावरच घातलं. पहाटे घालायचंच नाही. तेव्हा पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, आणि प्रोटीन पचवायला माशाला आणखी ऑक्सिजन लागतो.

रोहू या खाद्यावर तुटून पडतो. दाणे पसरले की पाणी खळखळतं, आणि भूक किती उरली ते काठावरून दिसतं. तरंगत्या खाद्याचा खरा फायदा हाच. कटला आपल्या प्लवंगावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर, जास्त खूश. मृगळ तळाचा मासा, त्याला वरचे दाणे फारसे मिळत नाहीत, म्हणून भोकं पाडलेल्या पोत्यात कोंडा-पेंड भरून काठीला टांगत होतो. रोहू पाऊण किलोच्या पुढं गेला. एक किलो वाढीला दीड किलोच्या आसपास खाद्य गेलं, त्यात मी समाधानी आहे. भाव बघताना पोत्याचा बघू नका, एक किलो मासा कितीला पडला ते बघा.

तक्रार दोन गोष्टींची. काही पोत्यांच्या तळाशी चुरा बराच निघाला, तो मासा खात नाही, नुसतं पाणी खराब करतो. दुसरं, खानापूरच्या पावसात उघडं पोतं लगेच ओल धरतं. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष माशाच्या यकृताला मारक असतं, म्हणून वास बदललेलं एक पोतं सरळ खड्ड्यात पुरलं. येत्या जूनला पावसाआधी साठा करणार नाही. पंधरवड्यापुरतं आणून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवणार.