कणकेच्या हाताला झेपेल असा खडा

आईच्या पन्न्याची, म्हणजे पाचूच्या खड्याची, वाट लागली त्याला दोन वर्षं होतील. एका चकचकीत पेढीवर अंगठी उजळायला दिली होती. त्यांनी ती न विचारता अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकली आणि हातात परत आला तो तडकलेल्या बाटलीच्या काचेसारखा खडा. वर ऐकवलं, "भेगा आधीपासूनच होत्या, मॅडम." हे खोटं नव्हतं, एवढं मला आता कळतं. पन्न्यात भेगा असतातच. त्या दिसू नयेत म्हणून त्यात तेल मुरवतात, आणि मशीनची थरथर न् गरम पाणी नेमकं तेच तेल बाहेर काढतं. पण हे अंगठी मशीनमध्ये टाकायच्या आधी सांगायचं की नंतर?

म्हणून स्वतःसाठी अंगठी घ्यायची ठरवली तेव्हा मोठ्या पेढ्यांकडे वळलेच नाही. पुण्यात मंडईला मेट्रोतून उतरले आणि चालत सोन्या मारुती चौकाच्या अलीकडच्या एका बोळातल्या छोट्या दुकानात गेले. (गाडी नेऊ नका. लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जातो.) दुकान म्हणजे एक काउंटर, दोन स्टुलं आणि काका.

मी म्हटलं, हिरवा खडा हवाय. वाटलं आता रास विचारतील. त्यांनी माझ्या नखांकडे बघितलं आणि म्हणाले, "कणीक?"

माझं पोळी-भाजी केंद्र आहे, दिवसाला दोनशे-सव्वादोनशे पोळ्या. हात सतत पिठात, साबणात नाहीतर तव्यापाशी. "मग पन्ना नको, ताई," काका म्हणाले. "कठीण आहे, पण ठिसूळ. आणि तुमचा साबण, तुमची आच त्याला सोसायची नाही."

पुढचा पाऊण तास त्यांनी एकेक पुडी सोडून दाखवली. पाषाणच्या खाणीतला हिरवा अपोफिलाइट बघून मी हरखलेच. आपल्याच पुण्याच्या दगडात एवढं सुंदर काही निघतं! पण त्याचा कठीणपणा जेमतेम 5 (मोह्स मापावर, ज्यात हिरा 10), आणि धक्का लागला तर पापुद्रा सुटावा तसा सरळ सुटतो. "हा कपाटात ठेवून बघायचा, बोटात नाही घालायचा." साध्या धुळीत वाळूचे कण असतात, त्यांचा कठीणपणा 7. त्याहून मऊ खडा रोज वापरला की नुसतं पुसूनसुद्धा हळूहळू निस्तेज होतो. मोती-पोवळी तर त्याहून कितीतरी मऊ. मग हिरवा ऑनिक्स निघाला, स्वस्त आणि भडक. "याचा रंग दिलेला आहे. पुसून जाणार नाही, पण दिलेलाच आहे," हे काकांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. इथेच माझा विश्वास बसला.

शेवटी घेतला तो शेवाळी अकीक, मॉस अ‍ॅगेट. दुधी दगडात हिरवे तंतू, जणू ताकात कोथिंबीर तरंगतेय. कठीणपणा 6.5 ते 7, आणि चिवट असल्यामुळे सहसा टवका उडत नाही. चांदीच्या अंगठीसकट 2,600 रुपये. काकांनी भिंग दिलं आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात जाऊन बघायला लावलं. आतल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच छान दिसतं म्हणे. महागाचा खडा घेणार असाल तर लॅबचा कागद मागा, आणि त्यात "नैसर्गिक" या शब्दावर न थांबता खड्यावर काय प्रक्रिया केली आहे ती ओळ वाचा. आईच्या पन्न्याच्या वेळी हे कुणाला माहीत होतं! भाव कॅरेटचा की रत्तीचा, हेही आधीच विचारून घ्या. कॅरेट म्हणजे 200 मिलीग्रॅम, खड्यांच्या बाजारातली रत्ती साधारण 180.

घडण बंद कोंदणाची, म्हणजे खड्याभोवती सलग कडं असलेली, करून घेतली. आईच्या अंगठीला खडा धरून ठेवणारी नखं होती, त्यांच्या खाली वाळलेली कणीक दगडासारखी घट्ट बसायची आणि ती सुईने उकरताना धस्स व्हायचं.

आता तक्रारी. बिलावर काकांनी नुसतं "हिरवा खडा" लिहिलं होतं. "नैसर्गिक मॉस अ‍ॅगेट, रंग न दिलेला" हे मी हटून लिहून घेतलं. लिहिलं, पण कपाळाला आठ्या घालून. दुसरं, माप डिसेंबरातल्या सकाळी घेतलं. एप्रिलमध्ये संध्याकाळी पोळ्या संपेपर्यंत बोट सुजायचं, अंगठी साबण लावून काढावी लागायची. माप बदलून दिलं, तेही खडा आधी बाहेर काढून आणि मगच चांदीला आच देऊन, हे चांगलंच. पण त्याचे 300 रुपये घेतले. चूक त्यांची होती, घ्यायला नको होते.

निगा फारशी नाही. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, लहान मुलाचा मऊ ब्रश, मग मऊ कापडाने कोरडी करायची. चांदी हिंग-कांद्याने काळी पडते, पण म्हणून टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात. आणि कणीक मळताना अंगठी काढायचीच. मी ती सेफ्टी पिनेत अडकवून पिन ओढणीला लावते. ओट्यावर ठेवली होती तेव्हा एकदा उंड्यात गेली होती, चाळीस उंडे फोडावे लागले.

आईचा पन्ना काकांनी पुन्हा तेल घालायला जयपूरला पाठवलाय. अजून आलेला नाही. केंद्रातली मदतनीस मात्र रोज माझा खडा उजेडात धरून बघते आणि विचारते, "ताई, ही कोथिंबीर खरंच आतली आहे?"