ऑर्का ६ : कोबाल्ट-बोरॉन क्लस्टरवर वापरून झालं, म्हणून लिहितोय

ऑर्का म्हणजे रेणूंची एनर्जी आणि आकार काँप्युटरवर काढणारं क्वांटम केमिस्ट्रीचं सॉफ्टवेअर. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी बोरॉनच्या १२ अणूंमध्ये एक कोबाल्ट घातलेला क्लस्टर (अणूंचा छोटा पुंजका) घेतला होता, त्यावर हायड्रोजनचा अणू किती घट्ट बसतो ते काढायचं, फार घट्ट बसला तर सुटत नाही आणि फार सैल असला तर बसतच नाही, म्हणून फ्री एनर्जीतला फरक शून्याच्या जवळ हवा. हायड्रोजन वायू बनवायला उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम भारी आहे ते त्यामुळेच, पण महाग. डिपार्टमेंटला विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स परवडणारं नव्हतं म्हणून ऑर्का टाकलं. जर्मनीतल्या म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत फ्रांक नेझे यांच्या ग्रुपने बनवलेलं, शिक्षण-संशोधनासाठी फुकट, फक्त नोंदणी करायची. सहावं व्हर्जन २०२४ मध्ये आलं.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते यातलं गोट, म्हणजे कमी एनर्जीचे आकार आपोआप शोधणारी सोय. बोरॉनचे अणू कसेही जुळतात, एकाच क्लस्टरचे ढीगभर आकार निघतात, हाताने काढत बसलं तर वर्ष जाईल. गोटला एक्सटीबी या झटपट पण ढोबळ पद्धतीवर सोडलं, रात्रभर चालू दिलं, सकाळी आकारांची यादी तयार. पण त्यातला एनर्जीचा क्रम तसाच धरू नका हां, धातू आला की एक्सटीबी गंडतं, वरचे दहा-पंधरा आकार आर२स्कॅन-३सी या जास्त भरवशाच्या डीएफटी पद्धतीने परत ऑप्टिमाइझ करा.

आता खरी काळजी घ्यायची ती स्पिनची. कोबाल्टचे २७ आणि बोरॉनचे ६० मिळून ८७ इलेक्ट्रॉन, म्हणजे मल्टिप्लिसिटी (जोडी न लागलेले इलेक्ट्रॉन अधिक एक, हा आकडा इनपुटमध्ये द्यावा लागतो) २, ४, ६ अशी सम. हायड्रोजन चिकटवला की ८८, मग १, ३, ५. मी जुनी फाइल कॉपी करून २ च ठेवला तर ऑर्काने लगेच सांगितलं की हे अशक्य आहे, आणि थांबलं. पण १ च्या जागी ३ हवा होता हे ते सांगणार नाही, जॉब व्यवस्थित पूर्ण होतो आणि आकडा चुकीचा मिळतो. माझा एक आठवडा यातच गेला. तिन्ही चालवा, सगळ्यात कमी एनर्जीचा धरा, आणि आउटपुटमध्ये एस-स्क्वेअरची किंमत बघा, स्पिन शुद्ध आहे की भेसळ झालीय ते त्यावरून कळतं, डब्लेटला (मल्टिप्लिसिटी २) ०.७५ च्या आसपास हवी, फार वर गेली तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

अजून एक, एनर्जीवरून फ्री एनर्जी काढायला बरेच जण एनर्जीच्या फरकात सरळ ०.२४ ईव्ही मिळवून मोकळे होतात. ती दुरुस्ती धातूच्या पृष्ठभागांवरून आलेली आहे, छोट्या क्लस्टरला अणूंच्या कंपनांची फ्रीक्वेन्सी स्वतः काढलेली बरी, त्यात काल्पनिक (ऑर्का ऋण आकड्यात दाखवतं तो) मोड निघाला तर आकार अजून खाली घसरायचा बाकी आहे हेही तिथेच कळतं. माझा हायड्रोजन कोबाल्टवर ठेवला होता तो सरकून कोबाल्ट-बोरॉनच्या मध्ये जाऊन बसला, हे आकृती उघडून बघितल्याशिवाय कळलंच नसतं, आकृतीसाठी ॲव्होगाड्रो हा प्रोग्राम पुरतो, तोही फुकट.

ऑर्का बसवताना ओपनएमपीआयचं (एकच जॉब अनेक कोरवर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) ऑर्कावाल्यांनी सांगितलेलंच व्हर्जन घ्या आणि समांतर चालवताना ऑर्काचा पूर्ण पाथ द्या. मॅक्सकोर हा इनपुटमधला मेमरीचा आकडा (एमबीमध्ये) प्रत्येक कोरमागे असतो, एकूण रॅमचा नाही, ८ कोरला ३००० लिहिलं की २४ जीबी झाली, ऑफिसमधल्या साध्या पीसीवर १५०० च ठेवा.