पासवर्ड बदलला, तरी मेल चोराकडेच जात होते

परळच्या इस्पितळांभोवतीच्या गल्ल्यांत झेरॉक्सची एवढी दुकानं कशी चालतात, हे तिथे पेशंट घेऊन गेल्याशिवाय कळत नाही. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बायोप्सीचा रिपोर्ट, आणि जो भेटेल तो आणखी एक प्रत मागतो. अण्णांना लाईट (रेडिएशन) द्यायची ठरली तेव्हा आम्ही तासगावहून येऊन दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत उतरलो होतो. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या अर्जाला खर्चाचं अंदाजपत्रक जोडावं लागतं. ते इस्पितळाकडून मेलवर आलं, आणि त्याची प्रिंट हवी होती.

दुकानात ही गर्दी. काउंटरवरचा पोरगा मान वर न करताच म्हणाला, "काका, त्या पीसीवर मेल उघडा आणि प्रिंट द्या." कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजलेली. पासवर्ड टाकला, मोबाईलवर आलेला कोड टाकला, प्रिंट काढली, आठवणीने लॉगआउटही केलं. नवीन कॉम्प्युटरवरून लॉगिन झाल्याचा गूगलचा इशारा मोबाईलवर आला. ते लॉगिन माझंच होतं, त्यामुळे त्याकडे बघायचं कारण नव्हतं.

कोड विचारणाऱ्या त्या पानावर खाली एक छोटा चौकोन असतो, 'या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका'. त्यात बरोबरची खूण आधीच केलेली असते. ती काढली नाही, तर पुढच्या वेळी त्या कॉम्प्युटरवर नुसत्या पासवर्डने खातं उघडतं, कोड मागतच नाही. आणि पीसीमध्ये बटणं टिपून घेणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल, तर पासवर्ड तिथे लिहिलेला राहतोच. हे त्या पोराचं काम, की त्या खुर्चीवर बसून गेलेल्या आणखी कुणाचं, ते अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणून दुकानाचा पत्ता मी इथे देत नाही.

माझा धंदा बेदाण्याचा. वाशीच्या मार्केटमधल्या एका जुन्या व्यापाऱ्याला शंभर बॉक्स माल गेला होता, पंधरा किलोचा बॉक्स, किलोला १९० रुपये. म्हणजे २ लाख ८५ हजार. बिल नेहमीप्रमाणे मेलने पाठवलेलं. पैसे यायला उशीर झाला, तसा शनिवारी मी फोन लावला.

"अहो, सोमवारीच टाकले की! तुम्हीच नवीन खातं कळवलंत ना?"

मी म्हटलं, "शेठ, मी कुठलंही खातं कळवलेलं नाही."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग त्यांनी त्या मेलचे फोटो पाठवले. मेल माझ्याच आयडीवरून, बिलाच्या मूळ मेललाच उत्तर म्हणून गेलेला. बिलही माझंच, नंबर तोच, फक्त तळाचा खाते क्रमांक दुसरा. मजकूर असा: 'अण्णांच्या आजारपणामुळे माझ्या खात्याची अडचण आहे, पैसे मेहुण्याच्या खात्यावर टाकावेत.' आणि खाली 'कळावे'. मी प्रत्येक मेलच्या शेवटी 'कळावे' लिहितो. त्या माणसाने माझे जुने मेल सावकाश बसून वाचले होते. अण्णांचे रिपोर्टही वाचले असणार, नाहीतर आजारपण त्याला कुठून कळणार? पैशापेक्षा मला हे जास्त लागलं.

एप्रिल २०२५ पासून एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी दिसण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. शेठच्या मुनीमाला ते नाव दिसलं होतं. पण मेहुण्याचं खातं म्हणून आधीच सांगून ठेवलेलं, मग नाव वेगळं दिसलं तरी शंका कशी येणार? तरीही शेठने विचारलं होतं, 'हे खातं बरोबर आहे ना?' पण विचारलं मेलवरच. उत्तरही लगेच गेलं, 'होय शेठ'. चोराला विचारून चोराचीच खात्री केली!

माझ्याकडे त्यातलं काहीच कसं दिसलं नाही, हे भाच्याने शोधलं. तो डोंबिवलीला राहतो. मी तोवर मोबाईलवरून पासवर्ड बदलून निवांत झालो होतो. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर खातं उघडलं, सेटिंगमध्ये गेला आणि म्हणाला, "मामा, हे फिल्टर तू लावलंस?" शेठच्या आयडीवरून येणारा प्रत्येक मेल वाचलेला दाखवायचा आणि इनबॉक्समधून हटवायचा, असं ते फिल्टर. शिवाय माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या मेलची प्रत एका अनोळखी पत्त्यावर जात होती. पासवर्ड बदलल्यावरही जातच होती, कारण पासवर्ड बदलला म्हणून फिल्टर आणि फॉरवर्डिंग पुसलं जात नाही. आणि जीमेलच्या मोबाईल ॲपमध्ये ही दोन्ही सेटिंग दिसतच नाहीत, त्याला कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर जावं लागतं. आमच्यासारखे फोनवरच सगळं उरकणारे नेमके इथेच सापडतात.

भाच्याने दोन्ही काढून टाकलं. मग रिकव्हरीचा नंबर आणि मेल माझाच आहे का ते बघितलं, ॲप पासवर्ड (दुसऱ्या ॲपला आपलं खातं उघडू देणारे वेगळे पासवर्ड) तपासले, सगळ्या डिव्हाइसवरून बाहेर काढलं आणि भरवशाच्या डिव्हाइसची यादी पुसली. हे घरच्या किंवा ओळखीच्या कॉम्प्युटरवरच करा, पुन्हा तसल्याच दुकानात बसून नव्हे.

गावाकडे सगळ्यांनी खापर फोडलं स्टेशनच्या फुकट वायफायवर. मुंबई सेंट्रलला ते २०१६ साली सुरू झालं तेव्हापासून ही भीती ऐकतोय. मला ती अर्धीच खरी वाटते. तुमचा स्वतःचा फोन असेल, तर मेल जाताना-येताना कुलूपबंद असतो, वायफायवाल्याला तो वाचता येत नाही. वायफाय जोडताना एखाद्या पानाने मेलचा पासवर्ड मागितला, तर मात्र तिथून उठा. परक्या कॉम्प्युटरचं तसं नाही. तिथे कुलूप लागायच्या आधीच अक्षर टिपलं जातं. ब्राउझरच्या इनकॉग्निटोनेही, म्हणजे खासगी खिडकीनेही, ते थांबत नाही.

प्रिंटच हवी असेल तर आपल्या फोनवरून दुकानाच्या आयडीवर फाईल पाठवावी. बऱ्याच दुकानांत तो आयडी भिंतीवर चिकटवलेला असतो. अर्थात त्या दुकानाच्या इनबॉक्समध्ये शेकडो लोकांचे कागद उघडे पडलेले असतात, ती कथा निराळीच. आधार पाठवायचं झालं आणि चालणार असेल, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार पाठवावं.

त्याच शनिवारी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. पहिल्याच प्रश्नाला कळलं की तक्रार शेठनेच करायला हवी, कारण पैसे त्यांच्या खात्यातून गेले होते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), समोरचं खातं, तारीख, रक्कम, हे सगळं हाताशी ठेवूनच फोन करा, नाहीतर शोधाशोधीत वेळ जातो. आमचे पाच दिवस आधीच गेलेले. पैसा पहिल्या खात्यातून पुढे फुटून गेला होता, त्यातले ६२ हजार तेवढे एका खात्यात गोठवता आले. बँकेने हात वर केले, कारण पैसे शेठने स्वतःहून पाठवले होते.

मग राहिलेल्या रकमेचा वाद. शेठ म्हणत, मेल तुमच्या आयडीवरून आला. मी म्हणत होतो, माल तुमच्या गोडाऊनमध्ये पोचलाय. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणून भांडण मिटेना. शेवटी एका जुन्या अडत्याने मध्ये बसवून निम्मं-निम्मं करून दिलं. ती गोठलेली रक्कम सोडवायला कोर्टाचा हुकूम लागणार आहे. अर्ज शेठच्या नावाने झाला आहे, वकिलाची फी आम्ही वाटून घेतोय.