फर्मवेअर अपग्रेड: नेटवर्क बूटवरून करायचं की बीएमसीतून ढकलायचं?

सर्व्हरचं फर्मवेअर (बायोससारखं, हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवायचे दोन रस्ते: मशीन नेटवर्कवरून एका छोट्या सिस्टिमवर उठवून आतून फ्लॅश करायचं, नाहीतर बीएमसीतून, म्हणजे सर्व्हरमधल्या स्वतंत्र देखरेख चिपमधून, फाइल ढकलायची. पाच-सहाच सर्व्हर असतील तर हे वाचू नका, व्हर्च्युअल मीडियाला (बीएमसीने दाखवलेली आभासी सीडी) आयएसओ लावा आणि मोकळे व्हा. हे त्यांच्यासाठी आहे ज्यांचे रॅक महापे नाहीतर ऐरोलीला, स्वतः बसतात अंधेरी-परळला, आणि सिक्युरिटीवाले बायोस कधी अपडेट करताय म्हणून सारखे मागे लागलेले असतात. पावसात रुळांवर पाणी आलं की तिकडे कोणी पोचत नाही, त्यामुळे अनअटेंडेड म्हणजे खरंच अनअटेंडेड हवं. मधेच कोणीतरी एंटर दाबायला लागत असेल तर कशाला एवढा खटाटोप.

बीएमसीचा रस्ता कागदावर फारच देखणा आहे. रेडफिश (बीएमसीशी बोलायचं प्रमाणित एपीआय) २०१५ पासून आहे, त्यातल्या सिंपलअपडेटला फाइलचा पत्ता द्यायचा, २०२ ('काम घेतलं') उत्तर येतं, टास्कचा पत्ता मिळतो, तो विचारत राहायचा. सगळ्यात मोठी सोय म्हणजे होस्ट, म्हणजे मुख्य मशीन, चालू असतानाच फाइल आत जाऊन बसते, डाउनटाइम फक्त रीबूटपुरता. नेटवर्क बूटमध्ये तसं नाही, पहिल्या फाइलपासून शेवटच्या फ्लॅशपर्यंत मशीन खाली असतं. डेटाबेसवाले लोक बीएमसीलाच हो म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

तरी माझा कल नेटवर्क बूटकडे गेला तो एकाच त्रासामुळे. टास्क 'शेड्यूल्ड'वर अडकतो. होस्ट रीबूट झाला, पोस्ट (सुरुवातीची हार्डवेअर तपासणी) झालं, ओएस वर आली, पण टास्क अजून शेड्यूल्डच, का ते कुठेच लिहिलेलं नाही. पुन्हा ढकलायला जावं तर आधीचा पेंडिंग आहे म्हणून नकार, रांग साफ करायला जावं तर टास्क चालू आहे म्हणून नकार, शेवटी वैतागून बीएमसी रिसेट करावा तर तो परत येईपर्यंत वाट बघा आणि आल्यावर टास्कची यादीच कोरी. आता बायोस चढला की नाही? इन्व्हेंटरी वाचल्याशिवाय सांगता येत नाही, आणि काही मशीनं इन्व्हेंटरीत पुढच्या रीबूटपर्यंत जुनंच व्हर्जन दाखवतात. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कमीजास्त प्रमाणात हे मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनांवर बघितलंय. रात्री दोन वाजता चेंज विंडोत ज्याने हे बघितलं असेल त्याला जास्त सांगायला नको. सरकारी ऑफिसात फाइल 'विचाराधीन' असते ना, अगदी तसंच. बंद दारामागे काय चाललंय ते कळत नाही, हा माझा मुख्य आक्षेप.

नेटवर्क बूटमध्ये बिघडत नाही असं अजिबात नाही, उलट पहिले काही आठवडे जास्तच बिघडतं. स्विच पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारं सेटिंग) नसेल तर स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचची लूप-तपासणी, आपले तीस सेकंद घेतो आणि तोवर पीएक्सई, म्हणजे कार्डातला नेटवर्क बूट, डीएचसीपीकडून आयपी पत्ता मिळायची वाट बघून कंटाळलेलं असतं. बाँडिंग (दोन पोर्ट एकत्र जोडलेले) असेल तर एलएसीपी फॉलबॅक लागतो, म्हणजे जोडणी जमेपर्यंत एकटा पोर्ट चालू ठेवायची सोय. टीएफटीपी (बूट फाइल आणायचा जुना प्रोटोकॉल) मुळात ५१२ बाइटचा तुकडा पाठवून पोच येईपर्यंत थांबणारं काम, म्हणून त्यावरून फक्त आयपीएक्सई (जास्त हुशार बूट प्रोग्राम) आणा, कर्नल आणि इमेज एचटीटीपीने ओढा. सिक्युअर बूट (फक्त साइन केलेलंच चालू देणारं सेटिंग) चालू असेल तर घरी बनवलेलं आयपीएक्सई चालणार नाही, लिनक्स डिस्ट्रोचे साइन केलेले बूटलोडर, शिम आणि ग्रब, घ्यावे लागतील.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, इमेज पूर्ण रॅममध्ये हवी. रूट फाइलसिस्टिम एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवर, ठेवून त्याच नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर फ्लॅश केलं की कार्ड रिसेट होतं आणि ज्या फांदीवर बसलोय तीच कापली जाते.

पण हे सगळं एकदा बसलं की बसलं. पुढे काय होतंय ते सीरियल-ओव्हर-लॅनवर (नेटवर्कवरून दिसणारा कन्सोल) ओळ न् ओळ दिसतं, लॉग माझा असतो, क्रम मी ठरवतो. शेल हातात असणं ही काय चीज आहे ते एक उदाहरण देतो. डेलचं अपडेट पॅकेज एक्झिट कोड २ देतं तेव्हा काही बिघडलेलं नसतं, रीबूट हवाय एवढंच, पण शून्य सोडून सगळं फेल समजणारी स्क्रिप्ट तिथेच थांबते. माझ्या स्क्रिप्टमध्ये ती एक ओळ बदलून विषय संपतो. बीएमसीच्या आत असलं काही झालं तर तिकीट काढा आणि लॉगचं बंडल पाठवत बसा.

बूट लूपची भीती बरेच जण घालतात, की अपडेट झालं, रीबूट झालं, परत नेटवर्कवरून उठलं, परत अपडेट. त्यावर साधा उपाय आहे, वन-टाइम बूट लावा आणि बूट सर्व्हरवर मॅक ॲड्रेसप्रमाणे नोंद ठेवा, रिपोर्ट आला की नोंद काढा, नोंद नसेल तर आयपीएक्सईने गुपचूप एक्झिट करून डिस्कवर जायचं. दोन रीबूट लागणारं फर्मवेअर असेल तर इमेजमधूनच ईएफआयबूटएमजीआर या कमांडने बूटनेक्स्ट (पुढचा एकच बूट कुठून ते) पुन्हा लावायचं, नाहीतर ओएस अर्ध्यातच वर येते.

गंमत म्हणजे माझ्या सेटअपमध्येही रेडफिश आहेच, पण दोनच कामांना, बूट ओव्हरराइड 'वन्स' करायला आणि पॉवर सायकल मारायला. शिवाय बीएमसीचं स्वतःचं फर्मवेअर मी आधी तिकडूनच चढवून घेतो, मग बाकीचं नेटवर्क बूटवर. टीपीएमला (मदरबोर्डवरची सुरक्षा चिप) बांधलेलं डिस्क एन्क्रिप्शन असेल तर दोन्ही रस्त्यांत रिकव्हरी की हाताशी ठेवा, बायोस बदलला की त्या चिपने नोंदवलेलं मोजमाप बदलतं आणि डिस्क उघडायला नकार देते.

तुमच्याकडे सगळी मशीनं एकाच कंपनीची, नवी, आणि लायसन्स भरलेली असतील तर कदाचित बीएमसीच बरं पडेल, त्यात वाद नाही. पण तीन पिढ्यांची खिचडी असेल, मधेच वेगळ्या मेकचं एचबीए (स्टोरेज जोडायचं कार्ड) नाहीतर नेटवर्क कार्ड घुसवलेलं असेल (आपल्याकडे कुठे नसतं), तर बीएमसीला त्यातलं निम्मं दिसतही नाही, आणि मग नेटवर्क बूटशिवाय मला तरी दुसरं सुचत नाही. ठरवायच्या आधी नेटवर्क टीमला दोन गोष्टी विचारा, सर्व्हरच्या व्हीलॅनमध्ये (वेगळ्या नेटवर्क भागात) डीएचसीपी रिले देणार का, म्हणजे तिथली विनंती डीएचसीपी सर्व्हरपर्यंत पोचवणार का, आणि पोर्टवर पोर्टफास्ट नि फॉलबॅक लावणार का. दोन्हीला लेखी हो मिळालं तर पुढे जा, आणि 'बघू' असं उत्तर आलं तर सरळ बीएमसीच घ्या, कारण त्या 'बघू'च्या मागे महिने जातात.