चुन्याची निवळी की दोन द्रावणे?

प्रवाळाच्या टाकीतील अल्कलिनिटी (म्हणजे पाण्यातील बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा, ज्यातून आणि कॅल्शियममधून प्रवाळ आपला सांगाडा बांधतात) आणि कॅल्शियम स्थिर ठेवण्यासाठी आटलेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी सोडावी, की खाण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांची दोन स्वतंत्र द्रावणे डोसिंग पंपाने (ठरलेली मात्रा आपोआप सोडणाऱ्या पंपाने) द्यावीत, हा निर्णय ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. कोल्हापुरातील माझ्या २०० लिटरच्या टाकीवर मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. कार्बन डायऑक्साइडने चुनखडी विरघळवणाऱ्या कॅल्शियम रिअ‍ॅक्टरच्या वाटेला मात्र गेलो नाही; एवढ्या टाकीसाठी गॅसचा सिलिंडर सांभाळणे मला पटले नाही.

निवळीची बाजू भक्कम आहे. प्रवाळ ज्या प्रमाणात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी वापरतात त्याच प्रमाणात ती दोन्ही पुरवते, पाण्यात नको असलेले काही मागे ठेवत नाही आणि पीएचही वर उचलते. आरओ-डीआयच्या (क्षार पूर्णपणे काढलेल्या) एक लिटर पाण्यात साधारण दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळून रात्रभर ठेवले की सकाळी वरचे नितळ पाणी काढून घेता येते. हवेतील कार्बन डायऑक्साइडने तिच्यावर साय धरते, म्हणून झाकण घट्ट हवे. तिचा पीएच बाराच्या वर असल्याने ती थेंबाथेंबानेच सोडावी लागते. (पानाचा चुना वापरू नये, हे जाणकारांना सांगायला नको, तरीही सांगतो.)

दोन वर्षे मी निवळीवर समाधानी होतो, असे म्हणता आले असते. पण त्या दोन वर्षांत दोन पावसाळे होते. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावावा लागतो, त्यामुळे रोज तीन लिटर पाणी आटत असे आणि तेवढ्या निवळीत अल्कलिनिटी ८.४ डीकेएचवर (हे तिचे मोजण्याचे एकक) टिकत असे. जूनच्या अखेरीस पंखा बंद झाला, खिडक्या लागल्या आणि पाणी आटण्याचे प्रमाण सव्वा लिटरवर आले. ज्या घरात आषाढात कपडे वाळत नाहीत, तिथे टाकीचे पाणी तरी कसे आटावे? पाणी आटले नाही तर निवळी घालायला जागाच नाही, आणि चुना एका मर्यादेपलीकडे विरघळत नसल्याने ती अधिक कडक करूनही उपयोग नाही. प्रवाळांची भूक मात्र ऋतू पाहत नाही. पंधरवड्यात आकडा ६.५ वर आला आणि अ‍ॅक्रोपोरा या कठीण प्रवाळाची एक फांदी बुडापासून पांढरी पडत गेली. कारण तेवढेच होते असा माझा दावा नाही. पण दुसऱ्या वर्षीही जुलैत तेच घडले, तेव्हा माझा धीर सुटला.

दोन द्रावणांचा पाण्याच्या आटण्याशी संबंध नाही. माझ्या टाकीला रोज सुमारे ९ ग्रॅम सोडा आणि ८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड लागते. पंप ते दिवसभरात थोडेथोडे देतो आणि पाऊस कितीही कोसळो, आकडा फारसा हलत नाही. दोन्ही नळ्या एकमेकींपासून दूर सोडाव्या लागतात, अन्यथा सम्पमध्ये (टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) पांढरा ढग उठतो. खरी उणीव मिठाची आहे: दोन्हींच्या संयोगातून रोज सहा ग्रॅम मीठ पाण्यात शिल्लक राहते. पाणी बदलले नाही तर महिन्याभरात पाण्याचा खारेपणा लिटरमागे जवळजवळ एक ग्रॅमने वाढतो. मी दर पंधरवड्याला पाणी बदलतोच, त्यामुळे मला ते जाचक वाटले नाही. ज्यांना पाणी बदलण्याचा कंटाळा आहे त्यांनी याचा विचार अवश्य करावा.

टाकीत मऊ प्रवाळच अधिक असतील आणि रोजची गरज थोडी असेल, तर पावसाळ्यातही निवळी पुरेल. तिथे पंपाचा खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. कठीण प्रवाळ वाढवायचे असतील, तर या गावाच्या हवेत मी तरी द्रावणांकडेच झुकेन. बंद घरात पीएच खाली राहतो आणि भाजलेला सोडा तो वर उचलतो, म्हणून पावसाळ्यात मी सोडा भाजून घेतो. भाजल्यावर तो वजनाने हलका होतो, तेव्हा मोजून घ्यावा तो भाजण्यापूर्वी.

कॅल्शियम क्लोराइडचा डबा मात्र मे महिन्यातच रिकामा करून त्याचे द्रावण बाटल्यांत भरून ठेवावे. ते हवेतील ओल इतके ओढून घेते की एकदा जुलैत मी झाकण उघडले, तेव्हा खड्यांच्या जागी काकवीसारखा लगदा होता. त्यातील आठ ग्रॅम म्हणजे नेमके किती, हे कोणत्याही तराजूने सांगितले नसते.