राज्य मराठी चित्रपट पुरस्कार : सोहळा आवडला, पण घाई नको

मराठी सिनेमाचे अवॉर्ड शो बरेच आहेत, पण मला विचाराल तर राज्य सरकारचा सोहळाच सगळ्यात जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण स्टेजवरचे डान्स वगैरे नाही तर पुरस्कारांची नावं. गीतकाराला ग. दि. माडगूळकरांच्या नावाचा पुरस्कार, छायालेखनाला पांडुरंग नाईकांच्या नावाचा, कला दिग्दर्शनाला साहेबमामा फत्तेलालांच्या नावाचा, विनोदी कलाकाराला दामूअण्णा मालवणकरांच्या. म्हणजे नुसती पुरस्कारांची यादी वाचली तरी मराठी सिनेमाचा अर्धा इतिहास कळतो हो! फत्तेलाल म्हणजे प्रभात फिल्म कंपनीचे, विष्णुपंत दामल्यांबरोबर १९३६ चा 'संत तुकाराम' केला तेच, आणि पांडुरंग नाईक म्हणजे मास्टर विनायक, बाबुराव पेंढारकर यांच्यासोबत कोल्हापुरात हंस पिक्चर्स ही सिनेमा कंपनी उभी करणारे कॅमेरामन. आजच्या किती पोरांना हे माहितीये? माझं एकच मागणं आहे, पुरस्कार देण्याआधी ज्याच्या नावाने तो देताय त्या माणसाचं काम अर्धा मिनिट तरी स्क्रीनवर दाखवा. एवढंच.

५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत वरळीच्या डोम सभागृहात ६० वा आणि ६१ वा असे दोन वर्षांचे पुरस्कार एकाच संध्याकाळी दिले गेले. आता दोन वर्षांचे सगळे विभाग, वर जीवनगौरव, विशेष योगदान, सत्कार, भाषणं, हे सगळं एका कार्यक्रमात बसवायचं म्हटलं की घाई होणारच, आणि आपल्याकडच्या कुठल्याही अवॉर्ड शोमध्ये घाई झाली की पहिला फटका बसतो तो संकलन, ध्वनी, रंगभूषा, वेशभूषावाल्यांना. ज्या माणसाचं नाव पडद्यावर शेवटी पळत जातं त्याला निदान या एका दिवशी तरी निवांत बोलू द्या ना. दरवर्षीचा सोहळा त्याच वर्षी झाला तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

मोठे पुरस्कार मात्र मनापासून पटले. महेश मांजरेकरांना व्ही. शांताराम जीवनगौरव, मुक्ता बर्वेला विशेष योगदान, काजोलला राज कपूर विशेष योगदान (त्या दिवशी तिचा वाढदिवस पण होता, आणि ती मराठीत बोलली, शोभना समर्थांची नात आहे शेवटी). पण मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो भीमराव पांचाळेंना लता मंगेशकर पुरस्कार मिळाला याचा. मराठी गझलेसाठी आयुष्य घातलं या माणसाने, सुरेश भटांची गझल गात राहिले, त्यात ना झगमगाट ना मोठी बाजारपेठ, आणि तरी सरकारी पुरस्कार तिथपर्यंत पोचला हे फार चांगलं झालं. असे पुरस्कार प्रायव्हेट शोमध्ये होणं अवघडच, तिथे टीआरपी बघावा लागतो.

अजून एक. पुरस्कार मिळालेले कितीतरी सिनेमे थिएटरला कधी आले आणि कधी गेले कळत पण नाही, मग सोहळा बघून नाव लिहून ठेवायचं आणि शोधत बसायचं. सोहळ्याच्या आधीचा आठवडाभर नामांकन मिळालेले सिनेमे प्रत्येक जिल्ह्यात एका तरी थिएटरमध्ये कमी तिकिटात लावा, संध्याकाळचा शो द्या, सकाळी नऊचा नको. लोक नक्की येतील.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.