ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीची थेरपी) पोरांना हेल्थ इक्विटी, म्हणजे आरोग्यातली समान संधी, शिकवायला व्हीआर (हेडसेट लावून बघायची व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) घ्यावं की होम व्हिजिट वाढवाव्यात?

डिपार्टमेंटला थोडा फंड मिळाला की हा प्रश्न येतोच, मी दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितेय.

व्हीआरचं बलस्थान म्हणजे अख्खी बॅच एकच घर बघते. 360 डिग्री कॅमेऱ्यावर चाळीतली खोली शूट केली, अर्थात घरच्यांची नीट परवानगी घेऊनच, की उंबरठा, अरुंद जिना, गॅलरीच्या टोकाचा कॉमन संडास सगळं मान वळवून दिसतं आणि हवं तिथे थांबवून बोलता येतं. एवढ्याशा खोलीत पोरांचा घोळका नेणं त्या घरच्यांनाही बरं वाटत नाही. पण काहींना गरगरतं, मळमळतं, त्यामुळे दहा मिनिटांच्या वर लावू नका, आणि दोनच हेडसेट असतील तर बॅच उरकायला दिवस जातो, त्यात मधेच चार्जिंग संपतं.

व्हिजिटला वेळ जातो, गाडीभाडं लागतं, पेशंट ऐनवेळी नाही म्हणतो. तरीही. एकदा लकवा झालेल्या काकांसाठी आमच्या स्टुडंटने कमोड चेअर सुचवली तर काकू म्हणाल्या, "ठेवू कुठे बाई, रात्री तिथे पोरं झोपतात." मग कळलं की थेरपीला आणायचं तर मुलाचा खाडा होतो, वर रिक्षाचे पैसे, आणि आमच्या केसपेपरवर मात्र "पेशंट फॉलोअपला येत नाही" एवढंच लिहिलेलं. हे हेडसेटमधून कधीच कळलं नसतं कारण त्यातल्या काकूंना उलट प्रश्न विचारता येत नाही.

एक मात्र नक्की टाळा, पाच मिनिटं व्हीलचेअरवर बसल्याचा "अनुभव" देणारे प्रोग्राम. पोरं बिचारं-बिचारं करत बाहेर येतात, रॅम्प का नाही हे कुणी विचारत नाही, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर सुगम्यता हा हक्क ठरवलाय, दया नाही. आपल्याकडे ओटीचं शिक्षण 1950 ला मुंबईच्या केईएममध्ये, म्हणजे पालिकेच्या हॉस्पिटलात सुरू झालं, चाळीतला पेशंट आपल्याला नवीन नाहीच.

पैसे एकाचेच असतील तर व्हिजिट, डोळे झाकून. दोन्ही जमत असेल तर आधी व्हीआर, मग चार-चार जणांच्या व्हिजिट, आणि परत तीच खोली व्हीआरमध्ये. पहिल्यांदा पोरं दरवाज्याची रुंदी मोजतात, दुसऱ्यांदा विचारतात की तिसऱ्या मजल्यावर पाणी कोण चढवतं.